दुसऱ्याच्या मापाची सीट

माझ्या दादाला शर्यतीची खाज आहे, असं लोक आयुष्यभर म्हणत आले. आधी तो टप नसलेल्या, उघड्या चाकांच्या गाड्या चालवायचा, मग रॅलीत गेला, मग ट्रकच्या शर्यतीत, आणि केस पांढरे झाल्यावर जुन्यापान्या गाड्या डोंगरावर चढवण्याच्या शर्यतीत. त्याच्या वयाची माणसं गुडघ्याला तेल चोळत बसतात आणि हा हेल्मेटची काच पुसत बसायचा. एका वर्तमानपत्रवाल्याने त्याच्यावर लिहिताना मथळा दिला होता, ‘न उतरणारा ड्रायव्हर’. ते कात्रण बघून वहिनी हसली नाही आणि मीही हसले नाही. दादा का उतरत नाही हे घरात आम्हा तिघांनाच माहीत होतं, आणि ते छापण्यासारखं नव्हतं.

मी सीट शिवते. हे काम मूळ बाबांचं. त्यांनी बसच्या, टॅक्सीच्या, थिएटरातल्या खुर्च्या शिवल्या. एका दाताच्या डॉक्टरची खुर्ची तर पुन्हा पुन्हा शिवली, कारण पेशंट हात आवळून आवळून रेक्झीन फाडायचे. आमचं दुकान म्हणजे पुढे शिलाईचं मशीन, मागे लांबट खोली आणि जिकडेतिकडे स्पंजचा भुगा. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या केसांत पिवळं काहीतरी बघून तिला वाटलं होतं की आमच्याकडे पिढीजात कोंडा आहे. नंतर कळलं तेव्हा हसली, पण मागच्या खोलीत तिने पाऊल टाकलं नाही. शर्यतीशी संबंधित कशातच तिने पाऊल टाकलं नाही.

दादा मशीनवर कधी बसला नाही. गोदामांच्या मागे, टायरांच्या रांगा लावून केलेला भाड्याच्या कार्टचा, म्हणजे बुटक्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांचा, ट्रॅक होता. तिथल्या फाटक्या सीट दुरुस्त करायला बाबा जायचे आणि दादा पिशवी धरायला. शिवलेली सीट नीट बसली की नाही हे बघायला कोणीतरी दोन चकरा मारायला हव्यात, असं तो म्हणायचा, आणि दोनाच्या वीस व्हायच्या. बाबांनी कानाडोळा केला. आईने केला नाही, ती शेवटपर्यंत त्या ट्रॅकच्या नावाने बोटं मोडत राहिली. पण पोराच्या हातात वेग होता. कार्टमधून तो उघड्या चाकांच्या फॉर्म्युला गाडीत गेला, आणि तिथे माझं काम त्याच्या कामाला येऊन चिकटलं.

फॉर्म्युला गाडीला सीट विकत आणून लावत नाहीत, ती माणसाभोवती ओततात. ड्रायव्हरला शर्यतीच्या कपड्यांत, बूट घालून गाडीत बसवायचं. त्याच्या पाठीमागे मोठी प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची. दोन डब्यांतली दोन द्रावणं एकत्र ढवळून पिशवीत ओतायची. ते मिश्रण, म्हणजे फोम, फुगतं, तापतं, कंबरेला, बरगड्यांना, खांद्यांना कवटाळत वर चढतं आणि बघता बघता कडक होतं. तोवर ड्रायव्हरने हात स्टिअरिंगवर आणि पाय पेडलवर ठेवून गप्प बसायचं. आणि श्वास रोखायचा नाही. नवखे हमखास रोखतात. मग फुगलेल्या छातीचं माप येतं आणि ऐन शर्यतीत माणूस आत डुगडुगतो. मी प्रत्येकाला सांगते, बाबा रे, नेहमीसारखा श्वास घे, इथे फोटो काढत नाहीत.

फोमला काही लपवता येत नाही. कोणाचा खांदा लहानपणी निखळला होता, कोण एकाच बाजूवर भार देऊन बसतो, सगळं उमटतं. माणसांची तोंडं मी विसरते, पाठी विसरत नाही.

दादाच्या टीममध्ये तेव्हा दोन ड्रायव्हर होते. दुसऱ्याला सगळे डावऱ्या म्हणायचे, कारण तो सगळं डाव्या हाताने करायचा आणि शिवाय लहानपणी भिंतीवरून पडल्यामुळे त्याचा डावा खांदा खाली झुकलेला होता. त्याच्या सीटचं माप मला पाठ होतं. डावा खांदा खाली, उजव्या कंबरेपाशी खळगा. तो दादापेक्षा वेगात होता, हे दादाही मान्य करायचा, तोंड वाकडं करून का होईना. मला डावऱ्या आवडायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यालाही सांगितलं नव्हतं, पण मला वाटतं त्याला कळलं होतं.

हंगाम सुरू व्हायच्या आधी टीमला नवी गाडी आली आणि मी डावऱ्याची नवी सीट ओतायला घेतली. दुपारची वेळ होती, गॅरेजचं शटर अर्धं वर. फोम वर चढायला लागला तसा पिशवीचा एक कोपरा त्याच्या मानेपाशी दुमडला. तो सरळ करायला मी त्याच्यावर वाकले. फोम कडक झाल्यावर बघते तर माप फसलेलं. सगळी पाठ फुगलेली, छाती भरून घेतल्यासारखी.

“श्वास रोखलास,” मी म्हटलं. “इतकी वर्षं झाली तरी अक्कल आली नाही?”

“तू एवढी जवळ आल्यावर घेणार कसा?” तो म्हणाला.

मी त्याच्या अंगावर फडकं फेकलं. सीट पुन्हा ओतू म्हटलं तर ऐकेना. म्हणाला, “राहू दे. पहिल्या शर्यतीला छाती भरूनच बसेन. तू फक्त अशी पक्की कर की म्हातारा होईपर्यंत टिकेल.”

“आधी म्हातारा हो तर खरा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो टायरच्या दुकानासमोर उभा होता आणि रिव्हर्स घेत मागे येणाऱ्या पाण्याच्या टँकरखाली सापडला. आयुष्य वेगात काढलेला माणूस, पायी चालण्याच्या वेगाने येणाऱ्या गाडीखाली गेला. मी दुकानात त्याच्या सीटला काळी टेप लावत होते. निरोप घेऊन आलेल्या मेकॅनिकला मी म्हटलं, थांब, एवढी कड होऊ दे, आणि खरोखर ती कड पूर्ण केली.

त्या सीटमध्ये डावऱ्या शर्यतीला एकदाही बसला नाही. एवढं लक्षात असू द्या, पुढचं सगळं त्यावरून आहे.

टीमकडे नवी गाडी एकच. ती डावऱ्याच्या नावाची होती, ती आता दादाकडे आली. पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मालकाच्या लक्षात आलं की सीट ओतायची राहिली, आणि द्रावणाचे डबे दुकानात, लांब. मालक म्हणाला, त्याचीच बसवा, वर स्पंज भरा. आमच्या धंद्यात असं कोणी करत नाही. दुसऱ्याच्या सीटमध्ये बसणं म्हणजे दुसऱ्याचे बूट घालून पळणं. अपघातात पाठ मोडते. मी स्पंज, टेप, कात्री घेऊन तयार राहिले. दादा आत उतरला, खाली सरकला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“भर ना स्पंज,” मालक म्हणाला.

भरायला जागाच नव्हती. माझ्या भावाची पाठ फळीसारखी सरळ, दोन्ही खांदे एका रेषेत, हे मी लहानपणापासून बघत आले होते. तरी त्याच्या डाव्या खांद्याखाली माझं बोट शिरेना, आणि उजव्या कंबरेपाशीही शिरेना. सीट त्याला तंतोतंत बसली होती. मी कात्री पिशवीत टाकली.

ती शर्यत दादा जिंकला. त्याआधी तो कधीच जिंकला नव्हता. सगळे त्याला उचलून नाचवत होते आणि तो घाबरलेल्या पोरासारखा माझा हात धरून उभा होता. बाजूला नेऊन म्हणाला, “टेकाडाखालच्या वळणाला मी ब्रेक मारायला निघालो होतो. पाय उचललाच गेला नाही. आणि तेच बरोबर ठरलं.”

“मग झालं की,” मी म्हटलं.

“झालं कसं? जिंकलं कोण?”

मी ती सीट फोडली आणि त्याच्यासाठी नवी ओतली, आमच्याच दुकानात, दादाला गाडीच्या मापाच्या लाकडी खोक्यात सरळ बसवून, श्वास मोजून. फोम कडक झाला. पिशवी फाडून पाहिलं तर डावा खांदा खाली, उजव्या कंबरेपाशी खळगा, आणि छाती भरून घेतलेली. आरशात दादा सरळ होता. साध्या खुर्चीत सरळ होता. फोमला तेवढा वेगळा दिसत होता. आम्ही दोघं त्या पिवळ्या पाठीकडे बघत बसलो. शेवटी दादानेच ती उलटी करून भिंतीकडे ठेवली.

त्या गाड्यांत त्याने बरीच वर्षं काढली, नाव कमावलं आणि लग्न केलं. मग एकदम सगळं सोडून तो रॅलीत गेला. लोकांना वाटलं, आव्हान हवं असेल. खरं कारण एवढंच होतं की रॅलीच्या गाडीत तयार सीट असते, फोम ओतावा लागत नाही. मला वाटलं, सुटला.

रॅलीत ड्रायव्हरच्या शेजारी दुसरा माणूस बसतो आणि पुढचं वळण वाचून सांगतो. दादाच्या शेजारचा माणूस पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. एक दिवस मास्तर दुकानात आले, स्टुलावर बसले, चहा घेतला, हवापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, “तुमच्या घरात कोणाला दमा आहे का हो?”

“नाही. का?”

“गाडीत आमच्या हेल्मेटमध्ये माइक असतात. एकमेकांचा श्वास ऐकू येतो. तुमच्या भावाचा मला पाठ आहे. माझा मला माहीत आहे. तिसरा कोणाचा आहे?”

मी हातातली सुई रेक्झीनमध्ये खोचून ठेवली. मास्तर काही घाबरलेले दिसत नव्हते. वर्गात नकाशा समजावून द्यावा तसं ते सांगत होते. “अवघड वळण आलं की तो श्वास घेतो. आत घेतो, बरं का. बाहेर सोडल्याचं मी अजून एकदाही ऐकलेलं नाही. मागच्या रॅलीत सरळ रस्त्यावरच त्याने श्वास घेतला. माझ्या हिशेबाने तिथे काही नव्हतं. तरी मी ब्रेक म्हणून ओरडलो. चढाच्या पलीकडे दरड कोसळलेली होती.” त्यांनी कप खाली ठेवला. “मला त्याची भीती नाही वाटत. वाईट वाटतं. एवढी हवा नुसती आत घेऊन माणूस करणार काय?”

ते गेल्यावर मी दादाला विचारलं, तुला ऐकू येतो का. तो म्हणाला, “मला आवाज नाही येत. बसलो की जागा कमी पडते.”

वहिनीला आम्ही सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं. एका सकाळी तिने माझ्यासमोर दादाचे धुवायचे शर्ट टाकले आणि म्हणाली, “वन्सं, यांच्या डाव्या बाहीची कड मळते, उजवीची मळत नाही. डावा हात लांब होतो का माणसाचा?” मी एक एक शर्ट उचलून पाहिला. मग त्याला बोलावून भिंतीला पाठ लावून उभं केलं. आता फोमची गरज उरली नव्हती. खांदा उघड्या डोळ्यांना दिसेल इतका उतरला होता. मी वहिनीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, “तो काय खातो का यांना?” मी म्हटलं, “नाही गं. त्याची शर्यत राहिलीय, तो बसून घेतोय.” वहिनी म्हणाली, “मग बसू दे म्हणावं, पण दुसरीकडे.”

मास्तरांचे डोळे अधू झाले, ते थांबले, आणि त्यांच्याबरोबर दादाही थांबला. ते वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं वर्ष. दादा दुपारी झोपायचा, घोरायचा. त्याचा खांदा हळूहळू वर आला, बाह्या दोन्ही सारख्या मळू लागल्या. तो गॅसची शेगडी दुरुस्त करायचा आणि बिघडवून ठेवायचा. वहिनी तक्रार करायची, पण तोंडावर हसू असायचं.

त्याची मुलगी ठकी तेव्हा कार्ट चालवायची. ठकी हे लाडाचं नाव, बाहेर कोणी या नावाने हाक मारलेली तिला खपत नाही. पोरगी अंगाने काडी आणि जिभेने कोयता, माझ्यावर गेलेली. त्या वर्षी तिला पहिली फॉर्म्युला गाडी मिळाली. सीट अर्थात आत्यानेच ओतायची. मी ओतली. तिने श्वास अगदी शहाण्यासारखा घेतला. फोम कडक झाला, ती उठून हात धुवायला गेली आणि मी पिशवी फाडली.

डावा खांदा खाली. उजव्या कंबरेपाशी खळगा. काडीसारख्या पोरीच्या पाठीत पुरुषाची भरलेली छाती.

मी ती सीट तिला दाखवलीच नाही. बिघडली म्हणून सांगितलं. पण तिने पहिली शर्यत टीमच्या तयार सीटमध्ये स्पंज भरून चालवली आणि उतरल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आत्या, शेवटच्या वळणाला ब्रेक मारायला गेले तर पाय आलाच नाही.” दादा मागे उभा होता. त्याने ते ऐकलं. घरी आल्यावर जिन्यात थांबून तो मला म्हणाला, “माझी एकही शर्यत माझ्या एकट्याची नाही. हिची तरी हिची असू दे.”

त्यानंतर लगेच त्याने ट्रकच्या शर्यतीसाठी सही केली. आठवडाभरात त्याचा खांदा उतरला. मी ठकीची सीट पुन्हा ओतली, ती काडीसारखीच आली, सरळ, हलकी, तिची तिची. वहिनी दारातून ओरडली, “आली का नीट?” मी म्हटलं, आली. ती शेगडीकडे वळली आणि मग मला तिचं मुसमुसणं ऐकू आलं.

म्हणून दादा उतरला नाही. जोवर दादा गाडीत बसलाय तोवर पोरीची सीट पोरीची, असा सरळ हिशेब होता. ठकीला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती प्रत्येक वळणाला मागे वळून बघत बसली असती. तिला वाटायचं, बापाची हौस सुटत नाही आणि पोरीचं नाव होतंय हे बघवत नाही. एकदा जेवताना ती म्हणालीच, “आता तरी उतरा ना बाबा. मी जिंकले तरी लोक तुमचंच विचारतात.” दादाने भात कालवता कालवता मान हलवली, आणि त्याच महिन्यात डोंगर चढायच्या शर्यतीत नाव घातलं. ठकी त्याच्याशी बोलेनाशी झाली. आणि तो तर तिच्यासाठीच मोडत होता.

मग तब्येतीची तपासणी आली. डॉक्टरने दादाच्या मणक्याचा फोटो काचेवर लावला. मणका डावीकडे असा कलला होता की मीही क्षणभर बघायचं टाळलं. डॉक्टर म्हणाला, शर्यत बंद. आता एक धक्का बसला तर कायमचं अंथरूण. परवान्यासाठी सही मिळणार नाही, इथेही नाही आणि दुसरीकडेही नाही. दादाने बाहेर बाकावर बसून मला विचारलं, “आता?”

ठकीची आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत तोंडावर आली होती. दिवसभर चालणारी, तीन ड्रायव्हरांनी आळीपाळीने चालवायची. त्याच रात्री नऊला तिचा फोन आला. शर्यतीचं बोलली, टीमचं बोलली आणि शेवटी सहज म्हणाली, “आत्या, डाव्या खांद्याला शेक देऊ का गं? उगीच ओढल्यासारखं होतंय.”

मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन माझ्याच पाठीची सीट ओतायला डबे काढले.

दादा म्हणाला, वेड लागलंय तुला, तुझं वय काय. मी म्हटलं, वय डावऱ्याचंही झालं असतं. तो म्हणाला, तुला गाडी चालवता येत नाही. मी म्हटलं, मला दुकानाची व्हॅन चालवता येते, आणि शर्यत जिंकायची आहे असं कोण म्हणालं. त्याला हात उचलून डबे ढवळणं जमेना. तेव्हा वहिनी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मागच्या खोलीत आली, पदर खोचून, आणि म्हणाली, “किती किती घालायचं ते सांगा.”

मी बाबांच्या जुन्या पँटमध्ये त्या खोक्यात बसले. वहिनीने ढवळलं आणि ओतलं. हजारो लोकांना सांगितलेलं असूनही, तो फोम पाठीला लागल्यावर काय वाटतं ते मला माहीत नव्हतं. आधी कोमट, मग गरम, आणि मग कोणीतरी मागून हळूहळू मिठीत घेतंय असं. माझे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, डावऱ्या, दादाला सोड, पोरीला सोड. बसायचंच असेल तर इथे बस. तुझी सीट मीच केली होती. आणि मी नेहमीसारखा श्वास घेत राहिले.

वहिनीने पिशवी फाडली. तिने फोमच्या डाव्या खांद्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, “वन्सं, आला हो.”

नुसतं ओतून भागत नाही, चालवावंही लागतं. म्हणून मी गोदामांच्या मागच्या ट्रॅकवर गेले. तिथल्या सीट अजून मीच शिवते, त्यामुळे नाही म्हणायची मालकाची हिंमत नव्हती. त्याने एक जुनी कार्ट दिली, मी तिच्यात माझी सीट बसवली आणि हेल्मेट चढवून निघाले. वाढदिवसाला आलेली पोरं दोन्ही बाजूंनी सुसाट जायची आणि हात हलवायची. टायरांच्या पहिल्या वळणाला मला हेल्मेटच्या आत ऐकू आलं. कानाजवळ, अगदी स्पष्ट, कोणीतरी श्वास आत घेतला. माझी पाचावर धारण बसली. पण मी ब्रेक मारायला गेले तेव्हा पाय आला, कारण माझा वेगच असा होता की डावऱ्यालाही काही करण्यासारखं नव्हतं.

ठकीच्या शर्यतीला आम्ही तिघंही गेलो. वहिनीसुद्धा. दादाने टीमकडून कानाला लावायचं यंत्र मागून घेतलं आणि ठकी चालवत होती तो सगळा वेळ डोळे मिटून तिचा श्वास ऐकत बसला. ती जिंकली नाही. शेवटच्या फेऱ्यांत तिने ब्रेक फार लवकर मारला, दोन गाड्या पुढे गेल्या, आणि टीमचे लोक कपाळाला हात लावून उभे राहिले. दादाने यंत्र काढलं. त्याचा चेहरा अश्रूंनी भिजला होता.

“एकटीच आहे गं,” तो म्हणाला. “आत एकटीच आहे.”

ठकी हेल्मेट काढून आली ती रागाने लाल झालेली. म्हणाली, “चूक माझी होती. माझी एकटीची.” दादाने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, “हो बाळ. तुझीच होती.” हरल्यावर बाप एवढा खूश का, हे तिला कळलं नाही, पण ती त्याच्या सरळ होऊ लागलेल्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी ते दोघं घरी येताना बोलत होते.

मी दर रविवारी सकाळी ट्रॅकवर जाते. माझा डावा खांदा थोडा दुखतो. ट्रॅकवरचे लोक म्हणतात, घराण्यालाच खाज आहे. गेल्या रविवारी इतर कोणी नव्हतं, ट्रॅक ओला होता, मी एकटीच सावकाश फिरत होते आणि सवयीने बडबडत होते. डावऱ्याला सांगत होते की बघ, आपण दोघंही म्हातारे झालो आणि मी फोडली तरी तुझी सीट टिकली. टायरांच्या वळणाला त्याने श्वास घेतला. मी वाट बघितली. आणि मग हेल्मेटमध्ये, माझ्या गालावरून, तो सुटला. लांबलचक, थांबत थांबत, किती वर्षं आत धरून ठेवलेला. काचेवर आतून वाफ धरली. मला पुढचं काही दिसेना, म्हणून मी कार्ट कडेला घेतली आणि तिथेच बसून राहिले.

आता तो गेला की राहिला, हे कळायचा एकच उपाय आहे. पुन्हा फोम ओतून बघायचं. दादा म्हणतो, बघून टाक. वहिनीने डबे आणून ठेवलेत. मी अजून ते उघडलेले नाहीत.